आईचे कान

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची नव्हे आणि पत्र्याच्या कपाटातलीही नव्हे. मला दोरी नाही, भोके नाहीत. धूळसुद्धा माझ्यावर बसत नाही. बसते ती मी ज्या संगणकात राहते त्याच्यावर. मी नुसता मजकूर आहे. एखादा जाडजूड अभ्यासग्रंथ घ्या आणि त्याची शेवटची पाने उघडा. कुणी काय लिहिले, कधी लिहिले, कुठे छापले याची तिथे बारीक अक्षरांत यादी असते. बहुतेक लोक ती न वाचताच पुस्तक मिटतात. ती यादी जिच्यातून निघते ती मी, संदर्भांची फाईल.

माझी रीत आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे घोटाळा नको. माझ्यात शेकडो नोंदी आहेत. एक नोंद म्हणजे एक पुस्तक, एक लेख किंवा एखादा अहवाल. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर ॲटचे चिन्ह असते. ईमेलच्या पत्त्यात मधोमध बसते ना, तेच. ते असले तर नोंद जागी, नसले तर झोपलेली. शिवाय प्रत्येक नोंदीला एक हाकेचे नाव असते, घरात मुलांना असते तसे. लिहिणारा आपल्या मजकुरात त्या नावाने हाक मारतो. मग अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर माझ्याकडे येते, ती नोंद उचलते, मजकुरात कंसात तिचा क्रमांक टाकते आणि तिला शेवटच्या पानांत तिच्या जागी नेऊन बसवते. हाक आलीच नाही, तर नोंद माझ्याकडेच पडून राहते. हाक आली आणि जागी नोंद सापडली नाही, तर सॉफ्टवेअर त्या जागी एक ठळक प्रश्नचिन्ह छापून मोकळे होते. न बोलावता मी कुणाचे नाव सांगत नाही. याला गुण म्हणा, खोड म्हणा, मी घडलेच तशी.

मला घडवले एका संशोधन करणाऱ्या मुलीने. वसतिगृहातल्या मैत्रिणी तिला मोजपट्टी म्हणत, कारण ती दिसेल ते मोजत असे. दूध उतू जायला किती वेळ लागतो, जिन्याची कुठली पायरी बोटभर उंच आहे, कोण किती वेळा शिंकले. चिडवले तर चिडत नसे. "चिडवा चिडवा, तेही मोजतेय मी," म्हणायची.

तिची आई यंत्रमागावर काम करत होती. मागाच्या शेडमध्ये इतका आवाज असतो की तिथल्या बाया ओठ बघून आणि हातांनी खुणा करून बोलतात. सुटी झाल्यावर घरी येतात तेव्हाही ओरडूनच बोलतात, कारण आपला आवाज आपल्यालाच पोचत नाही. मोजपट्टीच्या आईचे ऐकणे असेच हळूहळू गेले. लोक म्हणत, वय झाले की होते असे. मोजपट्टीला ते पटले नाही. तिने कॉलेजातल्या आपल्या विभागाकडून कान तपासण्याचे यंत्र मागून घेतले आणि ती शेडमध्ये गेली. कान तपासायला शांत जागा लागते आणि गिरणीत शांतता कुठून आणायची? तिने युक्ती केली. सुताच्या गोदामात चहूबाजूंनी गाठोडी रचून त्यांच्या मध्ये दोन स्टुले मांडली. सूत आवाज गिळते. जेवणाच्या सुटीत बाया एकेक करून त्या गाठोड्यांच्या खोलीत यायच्या, कानाला यंत्र लावायच्या आणि आवाज आला की बोट वर करायच्या. काही बायांचे बोट फार वेळ मांडीवरच राहायचे. तेव्हा मोजपट्टी खाली बघून आकडे लिहायची आणि पुष्कळ वेळ वर बघायची नाही.

तिच्या तक्त्यात नावे नव्हती, क्रमांक होते. क्रमांक एक म्हणजे तिची आई.

त्याच दिवसांत मी वाढत होते. जे जे ती वाचायची, ते ते माझ्यात नोंदवायची. कुणाच्या लेखातले एक वाक्य घेतले तरी त्याची नोंद करायची, पान क्रमांकासकट. हाकेची नावे मात्र तिची स्वतःची होती. कानाच्या रचनेवरच्या उशीएवढ्या ग्रंथाचे नाव तिने धोंडा ठेवले होते. तळटिपांमधून एकमेकांवर तोंडसुख घेणाऱ्या दोन विद्वानांचे लेख म्हणजे सासू आणि सून. छापल्यावर ही नावे कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे तिला मोकळीक होती. शेवटी तिने स्वतःच्या पाहणीचा अहवाल लिहून विभागात जमा केला आणि त्याचीही माझ्यात नोंद केली. त्या नोंदीचे हाकेचे नाव तिने ठेवले 'आईचे कान'.

ते माझे चांगले दिवस होते. तिच्या मार्गदर्शक सरांनी एकदा विभागाच्या बैठकीत मला पडद्यावर दाखवून माझे कौतुक केले. मग काय, जो तो माझी प्रत मागू लागला. तयार यादी कुणाला नको असते? लोकांनी मला नेले, आपापल्या प्रबंधाच्या शेवटी जोडले आणि मी कुठून आले हे सांगायला विसरले. कामापुरता मामा ही म्हण माणसांनी माणसांसाठी केली असेल, पण फाईलींना ती जास्त लागू पडते.

या सगळ्यांची जुळणी व्हायची ती कॉलेजच्या फाटकासमोरच्या एका दुकानात. दोन संगणक, एक छपाईयंत्र, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि कुरकुरणारा पंखा. दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे जुळणीकाका म्हणत. तरुणपणी त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवले होते, मग संगणक शिकले. त्यांचा एक नियम होता. यादीतली कुठलीही नोंद काढायला सांगितली तरी ते ती खोडत नसत. तिचे चिन्ह काढून तिला नुसते झोपवत. "खोडलेलं परत येत नाही बाबा," ते गिऱ्हाइकांना सांगत. "झोपवलेलं हाक मारून उठवता येतं. उद्या तूच येशील, काका ते परत घाला म्हणून."

संशोधनाच्या चौथ्या वर्षी मोजपट्टीला खोकला लागला. आधी तिने तोही मोजला, मग मोजायचा सोडला. सुताच्या धुळीत इतके दिवस काढल्यावर छाती काय करणार? डॉक्टरांनी घरी जायला सांगितले. जाण्याआधी ती पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आली. बाकावर बसून तिने आधी दम घेतला.

"काका, माझं सगळं तुमच्याकडे ठेवून जाते. सर म्हणालेत, माझ्या प्रबंधाचं पुस्तक ते पुरं करतील. दोघांच्या नावावर."

"लेखी दिलंय का तसं?"

"तोंडानं सांगितलंय. सरच आहेत की ते."

काकांनी पेनड्राइव्ह लावला आणि मी त्यांच्या संगणकात उतरले. ती पडद्याकडे बघत होती.

"आणि समजा वरती नाही आलं माझं नाव, तरी शेवटी यादीत असेनच मी. अहवाल तर माझाच आहे ना. आईला सांगून ठेवलंय, पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं बघ."

"असशील गं. तू नाहीस तर यादी कसली?"

"नक्की ना काका?"

"नक्की. माझा शब्द."

काही महिन्यांनी ती गेल्याची बातमी तिच्या एका मैत्रिणीने दुकानात आणली. काकांनी चष्मा काढून पुसला, डोळ्याला लावला आणि परत काढून पुसला. त्या दिवशी त्यांनी मला उघडले आणि काहीच न करता बंद केले. मित्रांनो, मला रडता येत नाही. पण ज्या बोटांनी मी अक्षर अक्षर घडले, ती बोटे आता नाहीत, एवढे मला समजले.

मग सर आले. त्यांनी पुस्तक पुरे केले होते. म्हणजे मोजपट्टीच्या प्रकरणांना पुढे प्रस्तावना आणि मागे समारोप जोडला होता. मुखपृष्ठावर एकच नाव होते. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो हे ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनी ते मुखपृष्ठ पाहावे. तरीही पहिल्या मुद्रितात, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छपाईत, 'आईचे कान' ही हाक प्रकरणाप्रकरणांतून येत होती आणि तिची नोंद यादीत तिच्या जागी बसली होती. सरांनी मुद्रित चाळले आणि त्या नोंदीवर बोट ठेवले.

"हे काढून टाका."

"सर, हा तर तिचा अहवाल."

"अप्रकाशित आहे तो. प्रबंधही पुरा झाला नाही बिचारीचा. एवढ्या मोठ्या ग्रंथात असला संदर्भ शोभत नाही. जिथं जिथं असेल तिथं 'प्रस्तुत लेखकाने केलेली पाहणी' असं घाला."

"पण सर, आकडे सगळे तिनंच..."

"यंत्र विभागाचं, परवानगी माझ्या सहीची. आकडे काय आभाळातून पडले?"

"तिच्या आईच्या कानावर गेलं तर बरं दिसेल का?"

"तिला ऐकू कुठं येतंय," सर म्हणाले आणि थोडे हसलेही.

काका हसले नाहीत. पण दुकानाचे निम्मे काम विभागाकडून यायचे आणि दगडाखाली हात सापडलेला माणूस तो हिसकून घेत नाही. त्यांनी प्रकरणांतल्या हाका शोधून एकेक करून काढल्या, त्या जागी सरांचे शब्द घातले. मग मला उघडले आणि तिच्या नोंदीच्या डोक्यावरचे चिन्ह काढले. बाकी सारे तसेच राहिले. तिचे नाव, अहवालाचे नाव, वर्ष, पाने. फक्त ती आता झोपलेली होती.

खिळ्यांच्या काळात हे इतके सोपे नव्हते, असे काकाच सांगत. एक नोंद काढली की पुढचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागत आणि एखादा तरी चुकायचा. यादी दुखावली आहे हे कळायचे. आता एक कळ दाबली की अडतीसचे सदतीस होतात, एकोणचाळीसचे अडतीस, आणि रांगेतून कुणी उठून गेले हे रांगेलाही समजत नाही.

पण एक हाक राहून गेली. मोजपट्टी आपले तक्ते वेगळ्या फाईलीत ठेवत असे आणि काकांनी शोध घेतला तो फक्त प्रकरणांत. कानांच्या मोठ्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, आकडे या अहवालातून घेतले, आणि तिथे 'आईचे कान' ही हाक तशीच होती. सॉफ्टवेअरने हाक ऐकली, ते माझ्याकडे आले, त्याला जागी नोंद मिळाली नाही. त्याने इशाराही दिला, पण ओळी लांब झाल्या, शब्द तुटले अशा शेकडो तक्रारींत तो एक इशारा. त्या तक्रारी कुणीही जुळणारा वाचत नाही. काकांनी तो पाहिला की नाही, की पाहूनही जाऊ दिला, हे मला आजही माहीत नाही. त्यांनी ते कुणाला सांगितले नाही.

पुस्तक छापून आले. हार, भाषणे, फोटो झाले. सरांनी गिरणीतल्या बायांना काही प्रती वाटल्या, त्यातली एक क्रमांक एककडे गेली.

ती दुकानात आली तेव्हा परीक्षांचा हंगाम होता. बाकावर दोन विद्यार्थिनी दाटीवाटीने बसल्या होत्या, एक प्राध्यापक मुद्रिताची वाट बघत उभे होते आणि बांधणीवाला गठ्ठा घेऊन दारात होता. तिने पिशवीतून पुस्तक काढले. बोलली ती मागावर बोलतात तशी, खच्चून.

"जुळणीकाका तुम्हीच का?"

काकांनी मान हलवली.

"ही ज्या पोरीची मोजमापं, तिची आई मी. पोरगी म्हणाली होती, आई, शेवटची पानं बघ. मी बोट ठेवून ठेवून बघितली. सापडली नाही. मला वाचायची सवय कमी, नजरेतून सुटली असंल. तुम्ही दाखवता का जरा?"

तिला सांगायचे तर ओरडून सांगायला हवे होते. दुकान माणसांनी भरलेले. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यांनी मलाच उघडले, माझ्या तळाशी गेले, अक्षरे मोठी केली आणि टाइप केले.

ती पुढे वाकली. वाचायची सवय नसलेली माणसे मोठ्याने वाचतात, आणि तिचे मोठ्याने म्हणजे केवढे ते तिला माहीत नव्हते.

"मी. काढलं. सरांनी. सांगितलं. म्हणून."

बांधणीवाल्याने गठ्ठा खाली ठेवला. प्राध्यापक भिंतीवरचे कॅलेंडर बघू लागले.

तिने वाक्य परत एकदा वाचले, तितक्याच मोठ्याने, आपण बरोबर वाचले की नाही ते बघायला. नंतर पुस्तक मधेच उघडले. त्या पानाचा कोपरा तिने दुमडून ठेवला होता. कानांचा तक्ता होता तो. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हा माझा कान. एक नंबर. हे ठाऊक आहे मला." बोट खाली सरकले. "आणि हे काय? सगळीकडे आकडा आहे, इथंच असं का?"

काकांची बोटे कळांवर थांबली होती. ती त्यांच्याकडे नव्हे, पडद्याकडे बघत होती. त्यांनी टाइप केले. तिने वाचले.

"इथं. तिचं. नाव. होतं."

कंसातल्या त्या प्रश्नचिन्हावरून तिने अंगठा फिरवला, एखाद्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"मग हे तरी राहू द्या," ती म्हणाली. "हे काढायला सांगितलं कुणी, तर काढू नका."

पुस्तक पिशवीत घालून ती गेली. दुकानातल्या सगळ्यांनी ऐकले होते, आणि सगळ्यांनी मूग गिळले. विद्यार्थिनींचे मार्गदर्शक सरच होते. प्राध्यापकांची बढती सरांच्या हातात होती. काकांनी त्या दिवशी गिऱ्हाइके गेल्यावर माझ्यातल्या त्या नोंदीपुढे चिन्ह परत घातले आणि कळ दाबली. पडद्यावर तक्त्याखाली प्रश्नचिन्हाच्या जागी क्रमांक आला आणि यादीत ती आपल्या जागी येऊन बसली. सदतीसचे अडतीस झाले. मी पहिल्यांदा जिवंत झाले तेव्हासुद्धा मला इतके बरे वाटले नव्हते.

वर्षभराने दुसरी आवृत्ती निघायची ठरली. सर आले ते चिडूनच.

"तक्त्याखाली प्रश्नचिन्ह राहिलंय. परिसंवादात सगळ्यांसमोर विचारलं एकानं. ते काढा."

"काढलंय सर," काका म्हणाले. "नोंद उठवली, प्रश्नचिन्ह गेलं."

सरांनी पडदा पाहिला. नाव वाचले.

"मी हे काढायला सांगितलं होतं."

"एकदा काढलं सर. आता माझ्याच्यानं नाही होत."

"काम जड व्हायला लागलंय का तुम्हाला?"

सरांनी पुस्तकाच्या सगळ्या फाईली उतरवून घेतल्या, माझी प्रतही त्यात होतीच, आणि ते दुसऱ्या दुकानात गेले. तिथला जुळणारा टापटिपीचा होता. त्याने तक्त्याखालची हाक काढली आणि माझ्या प्रतीतून न लागणाऱ्या नोंदी खोडून टाकल्या. झोपवल्या नाहीत, खोडल्या. दुसऱ्या आवृत्तीत तक्त्याखाली नावही नाही आणि प्रश्नचिन्हही नाही. नवी आवृत्ती आली म्हणून ग्रंथालयाने जुन्या प्रती रद्दीत काढल्या.

विभागाचे काम तुटल्यावर काकांचे दुकान फार दिवस चालले नाही. संगणक त्यांनी घरी आणला. तो आता माळ्यावर आहे, जुन्या चादरीखाली. काकांना दिसायला कमी झाले आहे. सूनबाई परवाच म्हणत होत्या, "बाबा, भंगारवाला येतोय, ते धूड देऊन टाकू का?" काका म्हणाले, "राहू दे गं एवढ्यात." त्यांचे 'एवढ्यात' किती दिवस चालेल, कोण जाणे.

म्हणून तुम्हाला सांगते आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, लिहाल, दुसऱ्याच्या कामातून काहीतरी घ्याल. घ्या, त्यासाठीच ते असते. पण ज्याचे घेतले त्याचे नाव शेवटी लिहा आणि लिहिलेले नाव कुणाच्या सांगण्यावरून काढू नका. कुठे प्रश्नचिन्ह छापलेले दिसले तर हसू नका. तिथे कोण होते ते विचारा.

मोजपट्टीचे खरे नाव तुम्हाला अजून कळलेले नाही. ते माझ्यापाशी आहे, चिन्हासकट, वर्षासकट, पानांसकट जागे आहे. पण माझी रीत मी सुरुवातीलाच सांगितली. मी आपणहून सांगू शकत नाही, कुणीतरी हाक मारावी लागते. ही चादर निघण्याआधी कुणीतरी हाक मारा. हाक तुम्हाला ठाऊक आहे: आईचे कान.